निपाणीपासून निवाडा किती लांब?

कोल्हापूरहून बेंगळुरूच्या दिशेने निघालं की कागल मागे पडतं, कोगनोळीचा नाका येतो आणि राज्य बदलतं. पाट्यांवरची अक्षरं बदलतात. शेतातला ऊस तोच राहतो. पुढे तवंदीचा घाट लागण्याआधी निपाणी. गावातल्या वखारींच्या बाजूला वळलात की तंबाखूचा खकाणा आधी नाकाला झोंबतो, मग डोळ्यांना. तोंडावर फडकी बांधलेल्या बायका चाळणीशी बसलेल्या असतात. पान एकीकडे, देठ दुसरीकडे, भुकटी तिसरीकडे. पोती शिवली जातात, त्यांवर रंगाने खुणा पडतात, हमाल ती थप्पीला लावतात.

अशा थप्पीपुढे उभं राहिलं की कराच्या तंट्याचं मूळ दिसतं. जीएसटी आला तेव्हा तंबाखूच्या पानावर ५ टक्के दर लागला आणि शेतकऱ्याकडून पान घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने तो कर स्वतः भरायचा असं ठरलं. पण पोत्यातला माल ‘पान’ नसून ‘पानाखेरीज अन्य, उत्पादन न केलेली तंबाखू’ आहे असं अधिकाऱ्याला वाटलं तर दर थेट २८ टक्के होई. त्यावर ब्रँडचं नाव असेल तर ६५ ते ७१ टक्के भरपाई उपकर वेगळा लागे. तुटलेलं पान आणि पानाचा देठसुद्धा ‘पान’च, हे अधिसूचनेला खुलासा जोडून सांगावं लागलं. तरीही समोरच्या पोत्यात तुटलेलं पान आहे की कुटलेला माल, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते पोतं उघडून, मूठभर माल हातात घेऊनच ठरतं. निपाणीतला हमालही ते सांगू शकतो. मात्र याच प्रश्नावरून तंटा पेटला तर तो निपाणीत मिटत नाही. तो बेळगावला जातो, तिथून बेंगळुरूला, आणि वर्षं निघून जातात.

कराचे तंटे कोर्टाबाहेर मिटवण्याची भाषा गेली काही वर्षं सतत कानावर येते. सीमाभागात ती प्रत्यक्ष कुठवर पोचली आहे, हे पाहण्यासाठी हा लेख.

तंबाखू आणि कर यांचं नातं या गावात जुनं आहे. १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, इंग्रज सरकारने तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवलं. १९४४ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात ते पुढे चालू राहिलं. तेव्हापासून माल कुठे साठवला, किती भरला, कुणाला गेला याची नोंद एक्साइजच्या वहीत ठेवावी लागे. वखारीला परवाना लागे आणि शुल्क भरल्याशिवाय माल हलत नसे. तंबाखू विडीची की खाण्याची, यावरून दर बदलत. म्हणजे ‘हा माल कोणता’ हा प्रश्न आजचा नाही, जुनाच आहे. १९५७ मध्ये साखर, कापड आणि तंबाखू या तिन्हींवर राज्यांनी विक्रीकर लावू नये आणि त्या बदल्यात केंद्राच्या जादा शुल्कातला वाटा घ्यावा, अशी तडजोड झाली. केंद्र आणि राज्यांमधली ही करविषयक वाटाघाट टेबलाभोवती बसून झाली आणि कितीतरी वर्षं टिकली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरचं उत्पादन शुल्क काढून टाकलं. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. कराचं ओझं उतरलं होतं, भावाचा प्रश्न उरला होता, आणि बोलणी करायला समोर कुणी बसत नव्हतं.

आता अलीकडचं. २०१९ मध्ये केंद्राने ‘सबका विश्वास’ योजना आणली. जीएसटीपूर्वीचे उत्पादन शुल्क आणि सेवाकराचे तंटे एकदाचे मिटवायचे, हा तिचा हेतू. योजना १ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली आणि अर्जाची मुदत वाढून १५ जानेवारी २०२० पर्यंत गेली. अपिलात अडकलेली शुल्काची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ७० टक्के माफ, त्यावर असेल तर ५० टक्के. व्याज आणि दंड पूर्ण माफ. देशभरातल्या लहानमोठ्या उद्योजकांनी तिचा लाभ घेतला. पण कायद्याच्या एका कलमात असं लिहिलं होतं की केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या मालाला ही योजना लागू नाही. चौथ्या अनुसूचीत काय आहे? पेट्रोलियम आणि तंबाखू.

म्हणजे ज्या गावाचं पोट तंबाखूवर चालतं, त्या गावातले तंबाखूच्या शुल्काचे तंटे या योजनेच्या दारातूनच परत फिरले. तंबाखू आरोग्याला घातक आहे, तिच्यावर कर जास्त असावा, हे मला मान्य आहे. पण जास्त कर लावणं वेगळं आणि तंटा मिटवण्याचा रस्ता बंद करणं वेगळं. वखारीतल्या बाईच्या छातीत जाणारा खकाणा या वगळणुकीने कमी झाला नाही. या बायकांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला होता. त्यांची मागणी मजुरीची आणि माणुसकीच्या वागणुकीची होती. मालकाचा एक्साइजचा खटला वीस वर्षं चालला तरी त्यांच्या पदरात काही पडत नव्हतं.

सरकार कराच्या बाबतीत तडजोड का करत नाही, असं लोक विचारतात. याचं उत्तर संविधानाच्या २६५ व्या कलमात आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. म्हणून कायद्याने देय असलेला कर अधिकाऱ्याला आपल्या मर्जीने सोडता येत नाही. एका व्यापाऱ्याला सूट दिली आणि शेजारच्याला नाही, तर तो अन्याय, आणि त्यात लाचलुचपतीलाही वाव. अधिकाऱ्याच्या मागे दक्षता विभाग आणि महालेखापालांचे शेरे असतात. सोडून देण्यापेक्षा मागणी काढणं आणि निर्णय अपिलावर सोपवणं त्याला सुरक्षित वाटतं. हा भीतीचा हिशोब मला समजतो. त्याचा परिणामही आकड्यांत दिसतो. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने नोंदवलं होतं की कर खात्यांनी केलेल्या अपिलांना वरच्या न्यायालयांत ३० टक्क्यांहूनही कमी यश मिळतं. तरी अपिलं होत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने स्वतःवर मर्यादा घातल्या. ६० लाखांहून कमी करासाठी न्यायाधिकरणात, २ कोटींहून कमी असेल तर उच्च न्यायालयात आणि ५ कोटींहून कमी असेल तर सर्वोच्च न्यायालयात सहसा जायचं नाही.

याच भीतीमुळे २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात एक ओळ आली. मध्यस्थीने कोणते तंटे सोडवायचे नाहीत याची यादी त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कराची आकारणी, वसुली, दंड, परतावा यांविषयीचा कोणताही तंटा त्या यादीत बसतो. केंद्राचा कर असो की राज्याचा. नवराबायको, जमीनमालक आणि कूळ, दोन भागीदार, यांच्यासाठी देशभर मध्यस्थीचं दार उघडलं. करदात्यासाठी ते लावून घेतलं.

मग करदात्याला काय मिळतं? मुदतीच्या योजना मिळतात. १९९८ ची ‘कर विवाद समाधान’. २०२० ची ‘विवाद से विश्वास’, तिची २०२४ ची दुसरी आवृत्ती. कर्नाटक राज्याची ‘करसमाधान’ योजना, जी वेगवेगळ्या वर्षी पुन्हापुन्हा येते. जीएसटीत १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेलं १२८-अ कलम. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांची, फसवणुकीचा आरोप नसलेली मागणी असेल तर कराची सगळी रक्कम ३१ मार्च २०२५ पर्यंत भरायची, अपील मागे घ्यायचं, की व्याज आणि दंड माफ होत.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका उदाहरणावर पाहू. समजा अक्कोळच्या बाजूच्या एका व्यापाऱ्याला २०१८-१९ सालासाठी ४ लाखांची मागणी आली. कारण असं की त्याने घेतलेली इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची, रक्कम पोर्टलवर दिसणाऱ्या रकमेशी जुळत नाही. व्याज दरसाल १८ टक्के; पाच वर्षांचं साधारण ३ लाख ६० हजार. दंड ४० हजार. एकूण ८ लाख. त्याचं म्हणणं असं की यातले ३ लाख मुळीच देणं नाहीत, कारण कोल्हापूरच्या पुरवठादाराने विवरणपत्र उशिरा भरलं, पण कर भरला. फार तर १ लाखाची चूक आपली. १२८-अ कलम त्याला म्हणतं, पूर्ण ४ लाख भर, उरलेले ४ लाख सोडतो. वादातले ३ लाख बाजूला ठेवून कबूल असलेला १ लाख भरायची सोय नाही. अपिलात जायचं तर १० टक्के, म्हणजे ४० हजार, आधी भरायचे, वकिलाची फी वेगळी. चारचौघांशी बोलून तो ४ लाख भरतो आणि सुटतो. सरकारच्या लेखी तंटा मिटला. त्याच्या मनात मिटला नाही. जे देणं नव्हतं ते देऊन त्याने शांतता घेतली.

खरं तर याच प्रकारच्या तंट्यावर साधा उपाय खात्याने स्वतःच काढला होता. २७ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकात २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी असं सांगितलं की फरक पुरवठादारामागे ५ लाखांपर्यंत असेल तर त्या पुरवठादाराचं स्वतःचं प्रमाणपत्र पुरे; त्याहून जास्त असेल तर सीएचं आणावं. कोल्हापूर ते निपाणी चाळीस किलोमीटर. एक पत्र आणायला एक सकाळ लागते. पण ते पत्र आदेश निघण्याच्या आधी अधिकाऱ्यासमोर जायला हवं. आणि इथेच गोष्ट बिघडते. नोटीस पोस्टाने येत नाही, पोर्टलवर येते. तीही नेहमीच्या नोटिशींच्या रकान्यात नव्हे, तर ‘अतिरिक्त नोटिसा आणि आदेश’ अशा वेगळ्या रकान्यात पडून राहिल्याच्या तक्रारी देशभरच्या उच्च न्यायालयांपर्यंत गेल्या. दुकानदाराला कळतं तेव्हा बँकखातं गोठलेलं असतं. अपिलाचे तीन महिने आणि वरचा सवलतीचा एक महिना संपला की कलम १०७ खाली अपिलाधिकाऱ्यालाही उशीर माफ करता येत नाही.

सीमेवरच्या माणसाला आणखी एक अडचण आहे, ती अंतराची. जीएसटीच्या पहिल्या अपिलानंतरचं न्यायाधिकरण कायद्यात २०१७ पासून होतं. त्याचं उद्घाटन २४ सप्टेंबर २०२५ ला झालं. मधली आठ वर्षं पुढची पायरीच नव्हती. आता पायरी आहे, पण कर्नाटकाची खंडपीठं बेंगळुरूला, बेळगावपासून पाचशे किलोमीटरवर. आयकराचं अपील न्यायाधिकरणाच्या पणजी खंडपीठाकडे, चोर्ल्याचा घाट उतरून. उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. निपाणीहून तासाभराच्या आत पोचता येईल एवढ्या जवळ. पण मध्ये कोगनोळी आहे. निपाणीच्या माणसाला त्या दाराशी जाता येत नाही. अग्रिम निर्णयाचंही तसंच. ‘माझ्या मालाला कोणता दर’ हे आधीच विचारून घेण्याची ही सोय चांगली आहे, पण प्रत्येक राज्याचं प्राधिकरण वेगळं आणि त्याचा निर्णय फक्त अर्जदारापुरता. एकाच मालावर दोन राज्यांची प्राधिकरणं दोन मतं देऊ शकतात. कागलच्या आणि निपाणीच्या बाजारात एकच पोतं फिरतं तेव्हा याचा अर्थ काय होतो, ते व्यापाऱ्याला विचारा.

आता उसाकडे वळतो, कारण कराचा सर्वांत मोठा सामूहिक तंटा या पट्ट्यात उसाने पाहिला. दूधगंगा-वेदगंगा-हिरण्यकेशीच्या खोऱ्यात सहकारी कारखाने दाटीने आहेत. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा कृष्णा, सीमेपलीकडे कागलचा शाहू, बिद्री, हमिदवाडा. कारखाना उसाला केंद्राने ठरवलेला किमान भाव देई आणि हंगाम संपल्यावर अंतिम भाव काढून जादा रक्कम देई. आयकर खात्याने म्हटलं की ही जादा रक्कम म्हणजे उसाची किंमत नव्हे, हा सभासदांना वाटलेला नफा. त्यावर कर भरा. कारखान्याने म्हटलं, सभासद हाच शेतकरी, त्याला दिलेला भाव हा खर्चच. या एका वाक्यावर वर्षानुवर्षं मागण्या साचत गेल्या. व्याजाने मूळ रकमेला मागे टाकलं. वार्षिक सभांच्या अहवालांत ‘संभाव्य देणी’ या सदराखाली तो आकडा दर साली छापला जाई, आणि सभासद टाळ्या वाजवून अहवाल मंजूर करत.

५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात निवाडा दिला. जादा भावात नफ्याचा जो अंश असेल तेवढ्यावर कर, उरलेला भाग खर्च; आणि हा अंश किती हे प्रत्येक प्रकरणात अधिकाऱ्याने तपासावं. कायदा स्पष्ट झाला, पण तंटा संपला नाही. प्रकरणं पुन्हा खालीच आली. २०१५ च्या वित्त कायद्याने पुढच्या काळासाठी सरकारने ठरवलेल्या भावापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य केलीच होती. २५ ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने सरकारी भाव म्हणजे राज्य सरकारने ठरवलेलाही भाव, हे सांगितलं. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात मागच्या, म्हणजे २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांसाठीही ती वाट मोकळी झाली. सहकारी कारखान्यांना यातून जवळपास १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भाषणात सांगितलं. कारखान्यांनी अर्ज करायचे, अधिकाऱ्यांनी जुने आदेश दुरुस्त करायचे, अशी पद्धत त्यानंतर ठरली.

मला यात आनंद आहे आणि खंतही. आनंद असा की न्यायालयाच्या निवाड्यानंतरही जो गुंता उरला तो संसदेने सोडवला. खंत अशी की यासाठी राजकीय वजन लागलं. साखर कारखान्यामागे आमदार, खासदार, मंत्री उभे असतात. वखारीतल्या व्यापाऱ्यामागे, गल्लीतल्या पतसंस्थेमागे कुणी नसतं. बेळगाव-निपाणी भागात पतसंस्था आणि सौहार्द संस्था गल्लोगल्ली आहेत. आयकर कायद्याच्या ८०-पी कलमाखालची त्यांची वजावट २००६ च्या दुरुस्तीनंतर नाकारली जाऊ लागली. सौहार्द संस्था ही कायद्याच्या अर्थाने सहकारी संस्था आहे का, इथपासून वाद. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती आहे असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये केरळच्या माविलायी बँकेच्या प्रकरणात सहकारी संस्थांच्या बाजूने मोठा निर्णय दिला. पण हे सगळं होईपर्यंत दोन-तीन कारकुनांच्या संस्थांनी पणजीच्या वाऱ्या केल्या, ठेवीदारांच्या पैशांतून.

याउलट एक दृश्य. सीमाभागातल्या एका गावात माझ्या मावशीचं जुनं घर आहे. पुढे सोपा, मागे परडं, परड्यात पत्र्याचा गोठा. काका गेल्यावर जनावरं विकली आणि गोठ्यात लाकूडफाटा पडला. स्थानिक कर आकारणीत कुणीतरी तो गोठा व्यापारी गोदाम म्हणून लावला आणि उघडा सोपा बांधकामात धरला. घरपट्टी तिपटीने वाढली. नोटीस कन्नडमध्ये. मावशीचं कन्नड बाजारापुरतं, वाचण्यापुरतं नव्हे. तिने चार वर्षं जुन्याच दराने पैसे भरले आणि थकबाकी वाढत राहिली. शेवटी राष्ट्रीय लोकअदालतीचं बोलावणं आलं. मी सोबत गेलो.

कोर्टाच्या आवारात मंडप, एका खोलीत टेबल. एक न्यायाधीश, एक वकील, एक सामाजिक कार्यकर्त्या. पलीकडे कर विभागाचा कारकून फाईल घेऊन. तो कन्नडमध्ये म्हणाला, ‘बर्री, कूड्री.’ पॅनेलवरचे वकील मराठीत म्हणाले, ‘मावशी, बसा की. काय झालंय ते सांगा.’ मावशीने पिशवीतून चार फोटो काढले. गोठ्याचा, सोप्याचा, परड्याचा. एक जुनी घरपट्टीची पावती, काकांच्या नावाची. न्यायाधीशांनी कारकुनाला विचारलं, जागेवर जाऊन मोजणी कुणी केली? फाईलीत मोजणीचा कागद नव्हता. तासाभरात विभागाचा अभियंता आला, त्याने फोटो आणि नकाशा पाहिला आणि गोठा घरगुती वापराचा, सोपा उघडा, असं लिहून दिलं. दुरुस्त आकडा निघाला. तो मावशीने मान्य केला आणि तिथेच भरला. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. मावशीने मराठीत सही केली.

इथे कायद्याला मुरड पडली नाही. कराचा दर कुणी बदलला नाही. बदललं ते एवढंच की गोठा हा गोठा आहे, हे दोन्ही बाजूंनी एका टेबलाशी बसून पाहिलं. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही व्यवस्था उभी केली. पहिली लोकअदालत त्याआधीच, १४ मार्च १९८२ ला, जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे भरली होती. तिचे दोषही मी पाहिले आहेत. एका दिवसात शेकडो प्रकरणं उरकायची घाई असते आणि समोरच्या माणसाला कागद वाचायला पुरेसा वेळ दिला जात नाही. पण टेबल असतं आणि माणूस समोर असतो.

माझं म्हणणं यातूनच तयार झालं. कराच्या तंट्यात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. एक, कायद्याचा अर्थ काय. तो वाटाघाटीने ठरू नये. तो न्यायालयानेच सांगावा, सगळ्यांसाठी सारखा. दुसरी, घडलं काय. पोत्यात पान होतं की चुरा, गोठ्यात गुरं होती की माल, पुरवठादाराने कर भरला की नाही. ही दुसरी गोष्ट मध्यस्थासमोर ठरवली तर संविधानाच्या २६५ व्या कलमाला धक्का लागत नाही. इंग्लंडच्या कर खात्याने २०११ मध्ये अशी व्यवस्था प्रयोग म्हणून सुरू केली आणि दोन वर्षांत ती नेहमीच्या कामाचा भाग केली. मध्यस्थ खात्यातलाच असतो, पण त्या प्रकरणाशी आधी संबंध नसलेला. पोर्तुगाल आणखी पुढे गेला. २०११ च्या कायद्याने तिथे कराचे तंटे लवादाकडे नेता येतात. निवाडा सहा महिन्यांत द्यायचा, फार तर तेवढीच मुदत वाढवून. ज्या देशाने १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य केलं त्याने हे केलं, आणि बेळगावचा माणूस आजही त्याच पणजीला आयकराच्या अपिलासाठी जातो.

भारताला कराची लवादी अपरिचित नाही. व्होडाफोनने २५ सप्टेंबर २०२० ला आणि केर्नने त्याच वर्षी २१ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय लवादापुढे भारत सरकारविरुद्ध जिंकलं. पुढच्या वर्षी सरकारने पूर्वलक्षी कराची तरतूद मागे घेतली. परदेशी कंपन्यांना आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या किमतीवरून वाद असलेल्यांना २००९ पासून तंटा निवारण पॅनेल आहे. आयकराचा समझोता आयोग १९७६ पासून चार महानगरांत होता, तोही १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झाला. त्या जागी लहान करदात्यांसाठी समिती आली. विवरणातलं उत्पन्न ५० लाखांपर्यंत आणि वाढ १० लाखांपर्यंत असेल तर तिच्याकडे जाता येतं, आणि तेही संगणकावरून. पाऊल योग्य दिशेचं आहे. पण निपाणीच्या किती दुकानदारांना त्या समितीचं नाव माहीत आहे?

समोरासमोर बसून तंटा मिटवण्याची कल्पना आपल्या मातीला नवी नाही. पेशवाईत पंचांपुढे तंटा नेताना दोन्ही पक्ष ‘राजीनामा’ लिहून देत. आज नोकरी सोडण्याच्या कागदाला आपण जो शब्द वापरतो तो तेव्हा पंचांचा निवाडा मान्य करण्याच्या संमतीचा होता. निवाडा झाला की जिंकणारा हरकी नावाची रक्कम देई, हरणारा गुन्हेगारी नावाचा दंड. साऱ्याचा प्रश्न आला, गाव ओस पडू लागलं, तर कमाविसदार कौल देई आणि इस्ताव्याने, म्हणजे दरसाल चढत्या हप्त्याने, सारा ठरवून घेई. त्या व्यवस्थेत जातीचा आणि जुलमाचा अन्याय भरपूर होता. तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण सारा देणारा आणि घेणारा यांनी पीक पाहून समोरासमोर बोलावं, हे तिला कळलेलं होतं.

या सीमेचाच एक मोठा तंटा १ नोव्हेंबर १९५६ पासून आहे आणि त्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो कधी सुटेल तेव्हा सुटेल. पण वखारीतल्या पोत्याचा, पतसंस्थेच्या वजावटीचा, मावशीच्या गोठ्याचा तंटा त्याच्यासारखा लांबायचं कारण नाही.

म्हणून बेळगाव, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वरच्या व्यापारी संघटनांना, सहकारी संस्थांना आणि वकील मंडळींना माझी विनंती आहे. कर कमी करा असं मागू नका. मागा ते असं, की मध्यस्थी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून ‘घडलं काय’ एवढ्यापुरते कराचे तंटे वगळा. नोटिशीनंतर आणि आदेशाच्या आधी, महिन्यातून एक दिवस, निपाणीत आणि बेळगावात टेबल मांडा. त्यावर अधिकारी असेल, करदाता असेल आणि त्या प्रकरणाशी आधी संबंध नसलेला तिसरा माणूस असेल. बोलणं कन्नडमध्ये व्हावं, मराठीत व्हावं, ज्याला जे येतं त्यात व्हावं. खासदारांना आणि आमदारांना हे लेखी द्या.

आणि वाचकहो, ते होईपर्यंत एवढं करा. तुमच्या जीएसटीच्या खात्यातला ‘अतिरिक्त नोटिसा आणि आदेश’ हा रकाना आज रात्री उघडून बघा. घरपट्टीचा वाद असेल तर येत्या लोकअदालतीसाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. त्या अर्जाला फी नाही.